ब्रिजवरचा स्क्रीन खोटं बोलला तर कळेल कसं? नव्या थर्ड ऑफिसरसाठी जोखीम तपासायची रीत

कॅडेट असताना ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथं, माझा वॉच (पहाऱ्याची पाळी) चीफ ऑफिसरबरोबर असायचा, पहाटे चार ते आठ. साहेब मालवणचे. एका पहाटे त्यांनी जीपीएसच्या डिस्प्लेवर पेन्सिलींचा डबा आडवा ठेवला आणि म्हणाले, "समज, हा मेला. आता सांग, आपण कुठे आहोत?"

मी एक्डिसकडे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चार्टच्या यंत्राकडे, बोट दाखवलं.

"त्याला कोणी सांगितलं?"

"जीपीएसनं, सर."

"तो मेलाय ना? पुढे बोल."

मी रडारच्या कोपऱ्यातले अक्षांश-रेखांश दाखवले, मग एआयएसचे, म्हणजे जहाजं एकमेकांना आपलं नाव-स्थान कळवतात त्या यंत्राचे. दोन्हीकडे तोच प्रश्न आणि तेच उत्तर. शेवटी साहेब हसले. "अरे बाबा, एकाच माणसाला चारदा विचारलंस म्हणून चार साक्षीदार होतात काय?"

जहाजावर चढल्यावर पहिल्या-दुसऱ्या दिवशी हातात येणाऱ्या जोखीम मूल्यांकनाच्या छापील फॉर्ममध्ये हा प्रश्न सहसा नसतो. त्यात "एक्डिस बंद पडणे: शक्यता कमी, परिणाम गंभीर, उपाय दुसरी एक्डिस" असं काहीतरी आधीच भरलेलं असतं, बहुतेक वेळा मागच्या जहाजावरून जसंच्या तसं उचललेलं. सही करा, फाईल करा. पण ब्रिजवरच्या यंत्रांची जोखीम खरोखर तपासायची असेल तर चीफ ऑफिसरांचा तो प्रश्न घेऊन प्रत्येक आकड्यापाशी जावं लागतं. हा आकडा कुठून आला? आणि तो चुकला तर मला कोण सांगणार? कशी करायची ही तपासणी, ते क्रमानं सांगतो.

पहिली पायरी: वायरींचा नकाशा काढा

जहाज बंदरात किंवा नांगरावर असताना एक कोरा कागद घ्या. मध्ये जीपीएस, जायरो (दिशा दाखवणारा होकायंत्र), स्पीड लॉग (वेग मोजणारा) आणि इको साउंडर (खोली मोजणारा) असे चार चौकोन काढा. बाजूला एक्डिस, दोन्ही रडार, एआयएस, ऑटोपायलट, व्हीडीआर (जहाजाचा ब्लॅक बॉक्स), जीएमडीएसएसचे (संकटसंदेशाचे) रेडिओ सेट. आता कोण कोणाला माहिती पुरवतं त्याचे बाण काढत जा. अडलात तर बत्तीसाबना, म्हणजे विजेचं काम बघणाऱ्या ईटीओंना, चहा पाजा. कुठली केबल कुठल्या जंक्शन बॉक्सातून जाते हे त्यांना मॅन्युअलपेक्षा जास्त ठाऊक असतं.

कागद भरला की एक गोष्ट डोळ्यात भरते. जीपीएसमधून सगळीकडे बाण निघालेले असतात. एक्डिसवरचं जहाज, एआयएसवरून जगाला कळणारं आपलं स्थान, डिस्ट्रेस बटण दाबल्यावर जाणारं स्थान, व्हीडीआरमधली नोंद, सगळं तिथूनच. बऱ्याच जहाजांवर जायरोची अक्षांश आणि वेगाची दुरुस्तीसुद्धा. जायरोचेही बाण कमी नसतात. दोन्ही रडार, एक्डिस, एआयएसवरचं हेडिंग, ऑटोपायलट, ब्रिज विंगवरचे, म्हणजे ब्रिजच्या दोन्ही बाजूंच्या टोकांवरचे, जायरोचा आकडा दाखवणारे रिपीटर. जायरो दोन अंश हलला तर ही सगळी मंडळी एकदम, एकाच दिशेनं, एकमतानं चुकतात. त्यामुळे स्क्रीनवर सगळं जुळलेलं दिसतं.

इको साउंडरचा चौकोन मात्र बहुधा एकटा असतो. तो कोणाचं ऐकत नाही, तळाला विचारतो. कागदावर त्याच्याभोवती लाल गोल काढा. रडारचा प्रतिध्वनी, डोळ्यांनी घेतलेलं बेअरिंग (खुणेची दिशा) आणि मॅग्नेटिक कंपास हे त्याच जातीचे. बेअरिंग जायरो रिपीटरवरून घेतलं असेल तर ते अर्धंच स्वतंत्र, हेही लिहून ठेवा.

बहुतेक जहाजांवर दोन जीपीएस असतात, त्यावर फार विसंबू नका. एकाची केबल तुटली तर दुसरा कामाला येतो, हे खरं. पण बाहेरून कोणी सिग्नल दाबला तर दोन्ही एकदम आंधळे होतात. दोन एक्डिसचंही तसंच. दोघींना माहिती एकाच स्विचमधून जात असेल तर ती एकच एक्डिस दोन पडद्यांवर दिसतेय असं समजा.

दुसरी पायरी: प्रत्येक बाणाला तीन प्रश्न

हा बाण तुटला तर? यानं चुकीचा आकडा दिला तर? आणि हे दोन्ही गुपचूप झालं तर?

पहिल्या प्रश्नाची फारशी काळजी नको. पडदा काळा झाला, अलार्म वाजला की माणूस जागा होतो. जहाजं घात करून घेतात ती तिसऱ्या प्रश्नात. यासाठी 'रॉयल मॅजेस्टी'ची गोष्ट मी प्रत्येक कॅडेटला सांगतो.

जून १९९५. हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बॉस्टनला निघालं होतं, माणसं दीड हजारांच्या वर. बंदर सोडून तासही झाला नसेल, तोच जीपीएसच्या अँटेनाची केबल जोडापाशी निसटली. रिसीव्हर बंद पडला नाही. त्यानं स्वतःहून डेड रेकनिंग सुरू केलं, म्हणजे जायरो आणि लॉगवरून अंदाजानं स्थान पुढे ढकलत राहिला. क्षणभर एक बारीक बीप वाजला असेल, तेवढाच. डिस्प्लेवर दोन छोटी अक्षरं उमटली, 'डीआर'. ऑटोपायलटनं ते अंदाजाचं स्थान खरं मानलं आणि जहाज त्यावर नेलं. वारा आणि प्रवाह जहाजाला हळूहळू बाजूला सारत होते, ते मात्र कोणाच्या हिशेबात नव्हतं.

वॉचवरचे अधिकारी झोपले नव्हते. दर तासाला ते चार्टवर स्थान मांडत होते, पण ते स्थान त्याच जीपीएसमधलं. मार्गावरचा बोया अपेक्षित वेळेला रडारवर दिसला. तो दुसराच बोया निघाला. पुढचा बोया दिसलाच नाही, तरी वॉच पुढे चालू राहिला. इको साउंडरचा अलार्म शून्यावर लावलेला होता, म्हणजे तो वाजण्याचा प्रश्नच नव्हता. १० जूनच्या रात्री नँटकेट बेटाच्या पूर्वेला जहाज वाळूच्या दांड्यावर चढलं. आपण जिथं आहोत असं वाटत होतं तिथून ते सुमारे १७ मैल दूर होतं. केबल निसटून जवळपास ३४ तास झाले होते. कोणी दगावलं नाही, हे नशीब.

आता आपल्या कागदाकडे या. तुमचा जीपीएस डेड रेकनिंगवर गेला तर काय दिसतं? अक्षरं किती मोठी? आवाज किती वेळ? एक्डिसवर काही येतं का, की फक्त जीपीएसच्याच डिस्प्लेवर? मॅन्युअलमध्ये वाचून थांबू नका. नांगरावर, कॅप्टनची परवानगी घेऊन, अँटेना खरोखर सोडवून बघा आणि घड्याळ लावा. मी एका जहाजावर हे केलं, तेव्हा जीपीएस ओरडला, पहिल्या एक्डिसवर इशारा आला आणि दुसरी शांतपणे जुन्याच जागेवर जहाज दाखवत राहिली. तिच्या सेटिंगमध्ये कोणीतरी तो इशारा बंद केला होता. कधी, कोणी, कशासाठी, काही पत्ता लागला नाही.

गुण द्यायची पद्धत सगळ्यांना माहीत असते, शक्यता गुणिले परिणाम. मी त्यात तिसरा रकाना घालतो, 'कळायला किती मिनिटं लागतील'. बारा नॉटवर जहाज एका मिनिटात मैलाचा पाचवा भाग, म्हणजे सुमारे ३७० मीटर जातं. खडक एक मैलावर असेल तर हातात पाच मिनिटं. कळायलाच सात लागत असतील तर बाकीचे गुण कितीही कमी आले तरी ती ओळ लाल करा.

म्हणूनच हे मूल्यांकन जहाजापुरतं एकदा करून भागत नाही, मार्गाच्या प्रत्येक टप्प्याला वेगळं करावं लागतं. अरबी समुद्राच्या मधोमध जीपीएस तासभर गेला तर लॉगबुकात एक ओळ वाढते. सिंगापूर सामुद्रधुनीत तोच तास फार महागात पडेल. फिक्स, म्हणजे मोजून काढलेलं जहाजाचं स्थान, किती मिनिटांनी घ्यायचा हेही इथूनच ठरतं. दोन फिक्सच्या मधल्या वेळात जहाज धोक्यापर्यंत पोचू शकणार नाही, इतकं ते अंतर कमी हवं.

तिसरी पायरी: एक्डिसमध्ये तुम्ही स्वतः काय भरलंय ते तपासा

एक्डिसवर अपघात झाले की यंत्राला नावं ठेवली जातात. चौकशीत बहुतेकदा माणसानं भरलेले आकडे सापडतात.

सेफ्टी कंटूरचं, म्हणजे जहाजाला सुरक्षित आणि उथळ पाणी वेगळं करणाऱ्या खोलीच्या रेषेचं, उदाहरण घेऊ, कारण नव्या ऑफिसरची पहिली चूक इथंच होते. समजा ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात किती बुडालंय ते, ९.५ मीटर आहे, वेग १२ नॉट आणि ब्लॉक कोएफिशंट, म्हणजे बुडालेला भाग किती ठोकळ्यासारखा आहे ते, ०.८. उघड्या पाण्यात स्क्वॉट, म्हणजे वेगामुळे जहाज खाली बसतं ते, ढोबळ सूत्रानं ०.८ गुणिले १२ चा वर्ग भागिले १००. आलं १.१५ मीटर. अरुंद पाण्यात ते दुप्पट धरा. तळाखाली किमान पाणी ड्राफ्टच्या दहा टक्के ठेवायचा कंपनीचा नियम असेल तर आणखी ०.९५. मग चार्टचाच भरवसा किती ते बघा. चार्टखालच्या मोजणीचा दर्जा, म्हणजे कॅटझॉक, 'बी' असेल तर खोलीत एक मीटर अधिक खोलीच्या दोन टक्के इतकी चूक असू शकते, वीस मीटर पाण्यात १.४ मीटर. बेरीज १३ मीटर.

तुम्ही सेफ्टी कंटूर १३ भरता. पण चार्टवर तेरा मीटरची रेषाच नाही, आहेत त्या १० आणि २० च्या. एक्डिस नेहमी पुढची खोल रेषा उचलते, म्हणून ती २० घेते. आता तेरा ते वीस मीटरचं सगळं चांगलं पाणी धोक्याच्या निळ्या रंगात बुडतं आणि मार्ग तिथून जात असेल तर अलार्म थांबायचं नाव घेत नाही. दमलेला ऑफिसर काय करतो? कंटूर १० करून टाकतो. लगेच शांतता. पण आता दहा ते तेरा मीटरमधलं, जहाजाला पुरेसं नसलेलं पाणीही सुरक्षित दिसतं.

याला माझा उपाय असा. कंटूर आहे तसाच राहू द्या, सेफ्टी डेप्थ १३ ठेवा म्हणजे त्याहून उथळ आकडे ठळक दिसतील. मार्गाजवळची तेरा मीटरपेक्षा उथळ जागा हातानं रेषा मारून बंद करा. कुठे आणि का ते पॅसेज प्लॅनमध्ये, म्हणजे प्रवासाच्या आराखड्यात, लिहा आणि त्यावर कॅप्टनची सही घ्या. भरतीचं पाणी या हिशेबात धरू नका. धरावंच लागलं तर कुठल्या वेळेपर्यंत ते पाणी आहे ते शेजारी लिहा, कारण जहाज दोन तास उशिरा पोचलं की ते पाणी गेलेलं असतं.

मार्ग तपासताना एक्डिसची आपोआप होणारी तपासणी चालवाच. ती तुम्ही दिलेल्या कॉरिडॉरच्या रुंदीतच बघते, हे ध्यानात ठेवा. कॉरिडॉर अरुंद ठेवला तर बाजूचा खडक तिला दिसत नाही. म्हणून नंतर पूर्ण मार्ग चार्टच्या मूळ स्केलवर, बोटानं सरकवत, डोळ्यांनी बघायचा. कंटाळवाणं काम आहे. स्केल लहान केलं की बऱ्याच गोष्टी पडद्यावरून आपोआप गळतात, गर्दी होऊ नये म्हणून ती सोयच आहे. २९ नोव्हेंबर २०१४ ला हिंदी महासागरातल्या कार्गाडोस काराहोस प्रवाळांवर शर्यतीची एक यॉट, 'टीम व्हेस्टस विंड', आपटली ती यामुळेच. इलेक्ट्रॉनिक चार्ट होता, पण ज्या झूमवर मार्ग पाहिला गेला त्यावर ते प्रवाळ जागच्या जागी नीट दिसतच नव्हते.

'ओव्हिट' या केमिकल टँकरची गोष्ट याहून बोचणारी आहे. सप्टेंबर २०१३, डोव्हरची सामुद्रधुनी, जगातल्या सर्वांत गजबजलेल्या पाण्यांपैकी एक. जहाज रॉटरडॅमहून इटलीतल्या ब्रिंडिसीला वनस्पती तेल घेऊन निघालेलं. मार्ग एका नवशिक्या ज्युनिअर ऑफिसरनं आखला, नीट तपासला कोणी नाही. तो थेट वार्न बँकेवरून जात होता. एक्डिसचा आवाजी अलार्म चालतच नव्हता. जहाज वाळूवर चढलं आणि आपण रुतलोय हे वॉचवरच्या ऑफिसरला कळायला १९ मिनिटं लागली. ब्रिटनच्या सागरी अपघात चौकशी शाखेनं हे सगळं अहवालात मांडलंय. मार्ग आखणारा ऑफिसर म्हणजे उद्याचे तुम्ही, हे लक्षात ठेवून तो अहवाल वाचा.

चार्टच्या भरवशाबद्दल आणखी एक. इलेक्ट्रॉनिक चार्ट दिसायला इतका स्वच्छ असतो की त्याखालची मोजणी किती जुनी आहे हे मनातच येत नाही. कॅटझॉक 'सी' असेल तर एखादा खडक चार्टवर दाखवला त्यापासून पाचशे मीटर इकडे-तिकडे असू शकतो. तुमचा जीपीएस दहा मीटरपर्यंत अचूक असला तरी इथं त्याचा काय उपयोग?

चौथी पायरी: अलार्म मोजा

एका वॉचमध्ये किती अलार्म वाजले, त्यातल्या कितींवर खरोखर काही करावं लागलं? चार तास वहीत रेघा मारा. एका जहाजावर मी मोजले तेव्हा शंभराच्या वर झाले आणि हालचाल करावी लागली ती तीनदा. अशा ब्रिजवर माणसाचा हात न बघताच बटणावर जायला शिकतो. त्याच जहाजावर वॉच अलार्मच्या, म्हणजे वॉचवरचा माणूस जागा आहे ना हे बघणाऱ्या अलार्मच्या, स्पीकरवर चिकटपट्टी होती, दोन थर, कडा काळ्या पडलेल्या. म्हणजे वर्षानुवर्षांची. मी ती काढली तेव्हा वॉचवरचा खलाशी म्हणाला, "साब, इसके बिना नींद नहीं आती किसी को." त्याच्या बोलण्यातली गंमत त्याला कळली नव्हती, मला कळली.

उपाय अलार्म बंद करणं हा नाही आणि सगळे चालू ठेवणं हाही नाही. कुठला अलार्म का वाजतो हे बघून सेटिंग सुधारा. उघड्या समुद्रात सीपीएचा, म्हणजे दुसरं जहाज किती जवळून जाईल त्या अंतराचा, अलार्म तीन मैलांवर चालेल, रहदारीत तोच आकडा नुसती कटकट. टप्प्यानुसार काय ठेवायचं ते कॅप्टनच्या संमतीनं ठरवा आणि लिहा. इको साउंडरचा अलार्म शून्यावर नाही ना, हे मात्र प्रत्येक वॉचच्या सुरुवातीला बघा.

पाचवी पायरी: सिग्नलवर बाहेरून घाला आला तर

दहा वर्षांपूर्वी हा भाग दोन ओळींत संपला असता. आता तसं नाही. जॅमिंगमध्ये सिग्नल दाबला जातो, जीपीएस आंधळा होतो आणि तसं सांगतो. स्पूफिंगमध्ये खोटा सिग्नल पाठवला जातो आणि जीपीएस आनंदानं खोटं स्थान दाखवतो. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात नोव्होरोसियस्कजवळ वीसेक जहाजांना आपण समुद्रात नसून विमानतळावर आहोत असं दिसत होतं. विमानतळ दिसला म्हणून ते ओळखता आलं. खोटं स्थान अर्धाच मैल बाजूला असतं तर? मे २०२५ मध्ये जेद्दाजवळ 'एमएससी अँटोनिया' हे कंटेनर जहाज रुतलं, तेव्हाही जीपीएसमधल्या गडबडीवर संशय घेतला गेला. पुढच्याच महिन्यात होर्मुझच्या परिसरात 'फ्रंट ईगल' आणि 'अडालिन' हे दोन टँकर एकमेकांवर आदळले, त्या दिवसांत तिथं सिग्नलचा गोंधळ मोठा होता. आखाताच्या फेऱ्या करणाऱ्या आपल्या पोरांना हे पाणी परकं नाही.

ओळखायचं कसं? वेग अचानक तीस नॉट दाखवतो किंवा शून्य. स्थान उडी मारतं. घड्याळ चुकतं. आजूबाजूची सगळी एआयएस टार्गेट एका वर्तुळात गोळा झालेली दिसतात, कारण तीही त्याच सापळ्यात असतात. पण सर्वांत उपयोगी युक्ती रडार ओव्हरलेची. किनारा रडारच्या टप्प्यात असेल तेव्हा रडारचं चित्र एक्डिसच्या चार्टवर चढवा. रडारवरचा किनारा चार्टवरच्या किनाऱ्यापासून सरळ बाजूला सरकलेला असेल तर स्थान चुकलंय. किनारा सरकलेला नाही पण जहाजाभोवती फिरल्यासारखा दिसतो, लांबचा भाग जास्त आणि जवळचा कमी हललाय, तर जायरो चुकलाय. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की विसरत नाही. मात्र ओव्हरले कायम चालू ठेवू नका, त्याखाली चार्टवरच्या बारीक खुणा झाकल्या जातात.

अशा भागात शिरण्याआधीच कागदावर ठरलेलं असावं की जीपीएस गेला तर पहिल्या दोन मिनिटांत काय करायचं. मी क्रम असा ठेवतो. कॅप्टनला बोलवा. एक्डिसला जीपीएसवरून सोडवून डेड रेकनिंगवर टाका. रडारवर दोन-तीन पक्क्या खुणांचे अंतर घेऊन एक्डिसवर हातानं फिक्स मांडा. ऑटोपायलट मार्ग धरून चालत असेल तर त्याला नुसत्या हेडिंगवर आणा. खोली चार्टशी ताडून बघा. एआयएसवर, आपल्या आणि दुसऱ्यांच्याही, विश्वास ठेवू नका.

एक्डिसवर हातानं रेषा मारून फिक्स घेता येतो हे कित्येकांना माहीतच नसतं, कारण परीक्षेनंतर ते बटण दाबलेलं नसतं. शांत समुद्रात, किनारा दिसत असताना, आठवड्यातून एकदा सराव करा. दहा मिनिटं लागतात, पुढे तीन.

पॅरलल इंडेक्सचाही सराव करा. रडारवर ठळक, न हलणारी खूण निवडा, दीपगृहाचा खडक किंवा बेटाचं टोक, आणि मार्गाला समांतर रेषा त्या खुणेला जिथं शिवायला हवं तिथून काढा. प्रतिध्वनी रेषेवरून घसरत गेला तर जहाज मार्गावर. रेषा सोडू लागला तर लगेच कळतं, जीपीएसचा संबंधच नाही. आपल्या कोकणातले तांडेल देवळाचा कळस आणि मागचं डोंगराचं टोक एका रेषेत धरून खाडीत शिरायचे, त्याच घराण्यातली ही युक्ती. फक्त जायरो नीट हवा, म्हणून वॉचला एकदा तरी सूर्याच्या किंवा दोन खुणांच्या बेअरिंगवरून कंपासची चूक काढा आणि ती खरोखर काढलेली असू द्या. मागच्या पानावरची उतरवून काढलेली नको.

एआयएस आणि मच्छीमार

टक्कर टाळायला एआयएस वापरू नका, हे सगळे सांगतात आणि सगळे वापरतात. रडारवर आपण मोजतो. एआयएसवर समोरचा जे सांगेल ते ऐकतो. नाव, ड्राफ्ट, 'अंडर वे' की 'अँकर' हे माणसानं भरलेलं असतं आणि बंदर सोडून दोन दिवस झाले तरी 'मूअर्ड' (धक्क्याला बांधलेलं) दाखवत धावणारी जहाजं मी पाहिलीत. अपुऱ्या माहितीवरून अंदाज बांधू नका असं टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला सातवा नियम सांगतो, पाचवा डोळे-कान उघडे ठेवायला सांगतो. स्क्रीन बघणं हा त्या लुकआउटचा एक भाग, सगळा लुकआउट नव्हे.

पावसाळा सरल्यावर रात्री मुंबईकडे येणाऱ्या जहाजाच्या ब्रिजवर उभे राहा. रत्नागिरीच्या वरपासून दिवेच दिवे. कित्येक होड्यांना एआयएस नसतो, फायबरच्या किंवा लाकडी होडीचा रडारवर प्रतिध्वनी क्षीण असतो आणि लाटांचे प्रतिध्वनी पुसणारा सी क्लटर जास्त ओढला की तोही पुसला जातो. उलट कधी एआयएसवर दहा टार्गेट रांगेत दिसतात आणि ती होडी नसून जाळ्याला बांधलेले बीकन निघतात. इथं जोखमीच्या रकान्यात यंत्राचं नाव लिहू नका. "अनुभवी लुकआउट, दोन जण, सुकाणूवर माणूस, वेग कमी" असं लिहा.

पेन ड्राइव्ह आणि पासवर्ड

यावर थोडक्यात. जानेवारी २०२१ पासून सायबर जोखीम कंपनीच्या सुरक्षा व्यवस्थेत धरायला हवी असं आयएमओनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं, ठरवलंय, पण ब्रिजवर तिचं रूप साधं असतं. चार्ट अपडेटचा पेन ड्राइव्ह फक्त त्याच कामाचा, त्यावर सिनेमे नकोत. एक्डिसच्या यूएसबीला मोबाईल चार्जिंगला लावणाऱ्याचा हात धरा, मग तो पायलट का असेना. पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला असेल तर काढा. सर्व्हिस इंजिनिअर येऊन गेला की सेटिंग पुन्हा तपासा, अपडेटनंतर ती मूळपदावर गेलेली मी दोनदा पाहिली आहेत.

माणूस आणि बटण यांच्यामधलं

२१ ऑगस्ट २०१७. अमेरिकी युद्धनौका 'जॉन एस. मॅकेन' सिंगापूरजवळ 'अल्निक एमसी' या टँकरवर आदळली, दहा नौसैनिक गेले. सुकाणू बिघडलेलं नव्हतं. टचस्क्रीनवर त्याचा ताबा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेला होता आणि सुकाणू गेलं अशी समजूत झाली. त्यानंतर अमेरिकी नौदलानं त्या जातीच्या नौकांवर हातानं ढकलायचे थ्रॉटल परत आणायचं ठरवलं.

तुमच्या जहाजावर ऑटोवरून हाताच्या सुकाणूवर यायला किती सेकंद लागतात? इमर्जन्सी टिलर कुठून चालू होतो? ताबा आत्ता ब्रिजवर आहे की विंगवर, हे कुठल्या दिव्यावरून कळतं? अंधारात, डोळे मिटून, ते बटण सापडतं का? एक्डिसचा कोर्स एका कंपनीच्या मॉडेलवर केला आणि जहाजावर दुसरीच कंपनी निघाली तर मेन्यू सगळा उलटा असतो. पहिल्या वॉचआधी अर्धा दिवस मागून घ्या. नवा माणूस मागतो म्हणून कोणी हसत नाही आणि हसलं तर हसू दे.

कागद लिहिणं, आणि कॅप्टनपर्यंत नेणं

सगळं मिळून दोन पानं पुरतात. पहिल्यावर वायरींचा नकाशा. दुसऱ्यावर टप्प्याटप्प्यानं ओळी: काय चुकू शकतं, कळेल कशानं, किती मिनिटांत, पहिलं काम काय, कोण करणार. "सतर्क राहणे" हा उपाय म्हणून लिहू नका, तो उपाय नव्हे. "दर सहा मिनिटांनी रडार रेंजचा फिक्स" हा उपाय.

कॅप्टनकडे जाताना तक्रारीच्या सुरात जाऊ नका. "सर, दुसऱ्या एक्डिसवर जीपीएस गेल्याचा इशारा येत नाही, नांगरावर बघितलं, सेटिंग बदलायला परवानगी हवी," एवढं पुरे. पुरावा हातात आणि मागणी एकच असली की बहुतेक कॅप्टन ऐकतात. एखादा म्हणेल, "इतकी वर्षं असंच चाललंय." तेव्हा वाद घालू नका, त्यांच्यासमोर अँटेना पुन्हा सोडवून दाखवायची परवानगी मागा.

ड्राय डॉक झाला, अँटेना हलवली, सॉफ्टवेअर बदललं किंवा मार्ग नव्या पाण्यात गेला की कागद पुन्हा काढायचा. आणि साइन ऑफच्या दिवशी गँगवेकडे धावण्याआधी रिलीव्हरला ब्रिजवर न्या, कॅप्टनला सांगून जीपीएस निवडायचा स्विच त्यालाच फिरवायला लावा. कुठला अलार्म वाजतो आणि कुठला वाजत नाही, ते त्याला स्वतःच्या कानांनी ऐकू द्या.